सर्व्हिस रीस्टार्ट करूनही जुनीच सेटिंग: फ्रेमवर्क कॉन्फिग नेमकं कधी आणि कुठून उचलतं?

शून्यप्रहर (धागाकर्ता)

मंडळी, जँगोचं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) एक जुनं ॲप माझ्या गळ्यात पडलंय. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पायथनचं ॲप चालवणारं गनिकॉर्न, आणि गनिकॉर्न सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चालतं. सेटिंग्ज फाइलच्या डोक्यावरच लोड_डॉटएन्व्ह() आहे, म्हणजे डॉट-ईएनव्ही फाइल वाचायची आणि खाली सगळं ओएस.एन्व्हायरॉनमधून, म्हणजे प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून, घ्यायचं, असा सरळ मामला.

डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला. डॉट-ईएनव्हीमध्ये डीबी_होस्ट बदलला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. ॲप अजून जुन्याच डेटाबेसच्या दारात उभं! बरं, त्याच मशीनवर, त्याच युजरने, त्याच फोल्डरमधून मॅनेज डॉट पीवायचं शेल उघडून सेटिंग छापली की पत्ता नवा दिसतो. म्हणजे फाइल बरोबर आहे, कोड बरोबर आहे, फक्त सर्व्हिस ऐकत नाही.

आतापर्यंत केलेलं: स्टॉप करून पुन्हा स्टार्ट, पायकॅशची सगळी फोल्डरं उडवली, शेवटी मशीनच रीबूट केलं. ढिम्म फरक नाही. जँगो कॉन्फिग कुठे साठवून ठेवतं का? मुळात सुरू होताना ही सगळी भानगड कोणत्या क्रमाने होते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लॉगवाचक

युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी) इथे टाका. पासवर्ड झाकून.

तिरपागडे

रीबूट करूनही जुनीच व्हॅल्यू येतेय म्हणजे मेमरीतलं काही नाही. कुठल्या तरी फाइलीत जुना पत्ता लिहिलेला आहे आणि ती फाइल तुम्ही अजून उघडलेली नाही. ग्रेप (फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड) मारा, सगळ्या डिस्कवर.

शून्यप्रहर

@लॉगवाचक, युनिट फाइलमध्ये वर्किंग डिरेक्टरी, युजर आणि एक्झेकस्टार्टची ओळ, बस. एन्व्हायर्नमेंटचं नावही नाही. कॅट करून पाहिली.

@तिरपागडे, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ग्रेप मारून झालं. जुना पत्ता कुठेच नाही.

अर्धविराम

धागाकर्ते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

गनिकॉर्न तुमची डब्ल्यूएसजीआय फाइल (सर्व्हरने ॲप जिथून उचलायचं ती) इम्पोर्ट करतं. त्या फाइलीत जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करणारी ओळ असते, पण ती सेट-डिफॉल्टने करते. म्हणजे बाहेरून ते आधीच ठरलं असेल तर ही ओळ काहीही करत नाही. मॅनेज डॉट पीवायमध्येही हुबेहूब तीच ओळ. पुष्कळांना वाटतं की डब्ल्यूएसजीआय फाइलीत प्रॉडक्शनचं नाव लिहिलं म्हणजे प्रॉडक्शनच लोड होणार. तसं नाही, ती फक्त शेवटची सोय आहे.

पुढे जँगो.कॉन्फमधून सेटिंग्ज इम्पोर्ट केल्या तरी त्या क्षणी काहीही वाचलं जात नाही. हातात येतं ते लेझीसेटिंग्ज नावाचं पोकळ ऑब्जेक्ट. त्यातलं पहिलं नाव कोणीतरी मागतं तेव्हा खरं काम सुरू होतं: जँगोच्या स्वतःच्या ग्लोबल सेटिंग्जमधली सगळी डिफॉल्ट्स आधी भरली जातात, मग तुमचं मॉड्यूल इम्पोर्ट होतं आणि त्यातली नावं डिफॉल्ट्सवर चढवली जातात. फक्त कॅपिटल अक्षरांतली. एखादं नाव स्मॉलमध्ये लिहिलंत तर ते मुकाट्याने गळतं, चूक दाखवली जात नाही. स्पेलिंग चुकलं तर त्याहून वाईट: चुकीच्या नावाची सेटिंग निमूट भरली जाते आणि खऱ्या नावाला डिफॉल्ट राहतं.

याच टप्प्यावर थोड्या तपासण्याही होतात. अलाउड_होस्ट्स किंवा इन्स्टॉल्ड_ॲप्स लिस्ट किंवा टपल नसून नुसती स्ट्रिंग असेल तर तिथेच इम्प्रॉपर्लीकॉन्फिगर्ड. टाइम_झोन दिला असेल तर युनिक्सवर प्रोसेसचं टीझेड व्हेरिएबलही बदललं जातं, म्हणजे सेटिंग्ज "वाचणं" हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. हे सगळं एका प्रोसेसमध्ये एकदाच. एकदा मागितलेली व्हॅल्यू त्या ऑब्जेक्टवर चिकटते. डिस्कवर काही साठवलं जात नाही. पायकॅशमध्ये बाइटकोड असतो, तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या व्हॅल्यू नसतात, त्यामुळे ती फोल्डरं उडवून काही होणार नव्हतं.

आता तुमची भानगड. लोड_डॉटएन्व्ह() फाइल वाचतं, पण *आधीच असलेल्या* व्हेरिएबलला हात लावत नाही. ओव्हरराइड=ट्रू दिलं तरच लावतं. तेव्हा सरळ तर्क असा, की शेलमध्ये डीबी_होस्ट आधी नसतो म्हणून फाइलमधला नवा पत्ता येतो, आणि सर्व्हिसला तो आधीच कोणीतरी देतंय म्हणून फाइलला विचारलंच जात नाही.

कोण देतंय ते ओळखायचं तर चालू प्रोसेसची /प्रॉक/पीआयडी/एन्व्हायरॉन ही फाइल पाहा. नोंदींच्या मध्ये नल असतात, टीआरने नव्या ओळीत बदलून घ्या. त्यात प्रोसेस सुरू झाली त्या क्षणीचं एन्व्हायर्नमेंट दिसतं, नंतर पायथनने आतून भरलेलं दिसत नाही. म्हणून जुना पत्ता तिथे दिसला तर तो शंभर टक्के बाहेरून आलाय.

लॉगवाचक

अर्धविराम यांच्या प्रतिसादाला पुरवणी. गनिकॉर्नसोबत सेटप्रॉकटायटल पॅकेज असेल तर प्रोसेसचं नाव बदलताना ते एन्व्हायर्नमेंटचीच जागा वापरतं आणि /प्रॉकमधली ती फाइल कचरा दाखवते. एसपीटी_नोएन्व्ह=१ देऊन सुरू केलं की टळतं. हे माहीत नसलं की माणूस भलत्याच दिशेला खोदकाम करत बसतो.

दुसरं म्हणजे, युनिट फाइल कॅटने पाहू नका, सिस्टमसीटीएल कॅटने पाहा. साध्या कॅटमध्ये ड्रॉप-इन, म्हणजे युनिटवर चढवलेल्या जोड-फाइली, दिसत नाहीत.

शून्यप्रहर

सापडलं!

सिस्टमसीटीएल कॅट मारल्यावर युनिट फाइलच्या खाली आणखी एक फाइल छापली गेली, ओव्हरराइड डॉट कॉन्फ. त्यात ही ओळ:

एन्व्हायर्नमेंट=डीबी_होस्ट=(जुना पत्ता)

आधी ज्यांच्याकडे हे ॲप होतं त्यांनी कधीतरी सिस्टमसीटीएल एडिट करून टाकलेली असणार. फाइल /ईटीसीखाली, म्हणून प्रोजेक्टमधल्या ग्रेपला सापडली नाही. तिरपागडे, "सगळ्या डिस्कवर" हे शब्द मी सोयीस्करपणे गाळले. ओळ काढली, डीमन-रीलोड, रीस्टार्ट, नवा डेटाबेस. सगळ्यांना दंडवत.

धागा मात्र बंद करू नका. बाकीच्या फ्रेमवर्कमध्ये हा क्रम कसा असतो ते वाचायला आवडेल. पुढचं काम स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क) आहे.

लॉगवाचक

एक बारीक फरक लक्षात ठेवा. युनिट किंवा ड्रॉप-इन बदललं तर डीमन-रीलोड लागतं. एन्व्हायर्नमेंटफाइल= ने दाखवलेल्या फाइलीतला मजकूर बदलला तर लागत नाही, ती प्रत्येक वेळी प्रोसेस सुरू करण्याच्या आधी वाचली जाते. आणि दोन्हीत एकच नाव असेल तर एन्व्हायर्नमेंटफाइलमधलं जिंकतं, एन्व्हायर्नमेंट=चं हरतं.

डॉकरवाल्यांसाठी याचाच भाऊबंद: कॉम्पोजचं रीस्टार्ट तोच जुना कंटेनर पुन्हा सुरू करतं, बदललेलं एन्व्हायर्नमेंट त्याला मिळत नाही. अप करावं लागतं, म्हणजे कंटेनर नव्याने बनतो.

नवशिक्या_२

एक बाळबोध प्रश्न. मी सेटिंग्ज फाइलीत एक प्रिंट टाकलं होतं. रनसर्व्हर केलं की ते दोनदा छापलं जातं. वर म्हणताय की एकदाच वाचलं जातं?

अर्धविराम

एका *प्रोसेसमध्ये* एकदाच. रनसर्व्हर दोन प्रोसेस चालवतं: एक फाइलींवर लक्ष ठेवणारी, दुसरी खरं काम करणारी. कोड बदलला की पहिली दुसरीला मारून पुन्हा जन्माला घालते. दोघीही सेटिंग्ज वाचतात. --नोरीलोड देऊन पाहा, एकदाच छापेल.

गनिकॉर्नमध्येही प्रीलोड चालू नसेल तर प्रत्येक वर्कर ॲप स्वतंत्रपणे इम्पोर्ट करतो, म्हणजे जितके वर्कर तितक्या वेळा. त्यातून एक मजेशीर अवस्था येते: मधेच एखादा वर्कर मेला आणि दरम्यान तुम्ही डॉट-ईएनव्ही फाइल बदलली असेल, तर नवा वर्कर नवी व्हॅल्यू घेऊन येतो आणि बाकीचे जुन्या व्हॅल्यूवर चालू. दर चार-पाच रिक्वेस्टमागे एक वेगळं उत्तर. असले बग लॉग वाचून सापडत नाहीत.

कॉफीबीन

धागाकर्ते, स्प्रिंग बूटवर येताय तर ऐका. तिथे "फाइल वाचली" असं काही नसतंच. सगळं मिळून एक एन्व्हायर्नमेंट ऑब्जेक्ट असतं आणि त्यात प्रॉपर्टी सोर्सची एकावर एक रचलेली चळत. नाव विचारलं की वरून खाली शोधतात, पहिलं सापडेल ते खरं. कमांड लाइनवर दिलेलं सगळ्यात वरच्या बाजूला, त्याखाली जावाच्या सिस्टम प्रॉपर्टी, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, मग ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज किंवा वायएएमएल, आणि तळाला कोडात दिलेली डिफॉल्ट्स. मधले थोडे थर गाळतोय, रोज लागत नाहीत.

फाइलींमध्येही उतरंड आहे. जारच्या आतल्या फाइलीपेक्षा जारबाहेरची वरचढ, आणि साध्या फाइलीपेक्षा प्रोफाइलची (डेव्हलपमेंट, प्रॉडक्शन अशा एकेका वातावरणाची) वरचढ. एकाच जागी प्रॉपर्टीज आणि वायएएमएल दोन्ही असतील तर प्रॉपर्टीज जिंकते. जुन्या प्रोजेक्टात कोणी वायएएमएलवर स्थलांतर केलं आणि जुनी फाइल डिलीट करायची राहिली की तुमच्या त्या ओव्हरराइड डॉट कॉन्फचीच गोष्ट पुन्हा.

२.४ आवृत्तीत (२०२०) फाइली लोड करायची यंत्रणाच नव्याने लिहिली गेली. त्याआधीचे लेख वाचत असाल तर सांभाळून. वायएएमएलच्या एका फाइलीत तीन डॅश देऊन अनेक भाग केले असतील तर त्यांचा क्रम आणि प्रोफाइल लिहायची पद्धत दोन्ही बदललंय. स्प्रिंग.प्रोफाइल्सच्या जागी आता स्प्रिंग.कॉन्फिग.ॲक्टिव्हेट.ऑन-प्रोफाइल.

आणि @प्रॉपर्टीसोर्स ॲनोटेशनवर फार विसंबू नका. ती फाइल ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट रिफ्रेश होताना चळतीत येते. लॉगिंगच्या आणि स्प्रिंग.मेनच्या सेटिंग्ज तोवर वाचून झालेल्या असतात. तिथे लॉगिंग लेव्हल लिहिणारे बरेच जण "लॉगबॅक (लॉग लिहिणारी लायब्ररी) बिघडलंय" म्हणत येतात. लॉगबॅक ठणठणीत असतं.

सुख म्हणाल तर ॲक्च्युएटरचा, म्हणजे चालू ॲपची आतली माहिती दाखवणाऱ्या भागाचा, एन्व्ह एंडपॉइंट. एखादी प्रॉपर्टी कोणत्या सोर्समधून आली, फाइल असेल तर कितव्या ओळीवरून, तेही सांगतो. तीनच्या आवृत्तीपासून व्हॅल्यू झाकून दाखवतो, पण "कोण जिंकलं" हे कळायला व्हॅल्यूची गरजच नसते.

शून्यप्रहर

हे जँगोत का नाही!

अर्धविराम

थोडं आहे. मॅनेज डॉट पीवाय डिफसेटिंग्ज. डिफॉल्टपेक्षा वेगळं काय ते दाखवतं. पण ते *तुमच्या शेलच्या* एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतं. तुमच्या केसमध्ये त्याने छाती ठोकून नवा पत्ता दाखवला असता.

जँगोच्या सेटिंग्ज म्हणजे निव्वळ पायथन मॉड्यूल. त्यात इफ-एल्स लिहा, दुसऱ्या फाइलीतून स्टार-इम्पोर्ट करा, नेटवर्कवरून आणा, काहीही. अंतिम व्हॅल्यू तेवढी उरते, ती कुठून आली याची नोंद कोणी ठेवत नाही. स्प्रिंगने ही नोंद जपली, पण त्यासाठी तुम्हाला नावं आणि स्ट्रिंग यांच्या चौकटीत बांधलं. दोन्हीकडे काहीतरी सोडावंच लागतं. माझं विचाराल तर प्रॉडक्शनमध्ये नोंद जास्त कामाची. सेटिंग्ज फाइलीत लिहिलेलं "हुशार" पायथन नंतर वाचणाऱ्याला महागात पडतं.

खिडकीबाहेर

लाराव्हेलवाल्यांची (पीएचपीचं फ्रेमवर्क) हजेरी लावतो. धागाकर्त्यांनी विचारलं होतं की फ्रेमवर्क कॉन्फिग साठवून ठेवतं का. लाराव्हेल ठेवतं! आर्टिझनची (लाराव्हेलचं कमांड लाइन साधन) कॉन्फिग:कॅश कमांड चालवली की कॉन्फिग फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकत्र होऊन बूटस्ट्रॅप/कॅशमध्ये एकच पीएचपी फाइल बनते. ती असेल तर सुरू होताना डॉट-ईएनव्ही फाइल उघडलीच जात नाही. तुम्ही तिच्यात कितीही बदल करा, कमांड पुन्हा चालवेपर्यंत जुनंच राज्य.

याची दुसरी बाजू जास्त चावते. कंट्रोलरमध्ये कोणीतरी थेट एन्व्ह() फंक्शन वापरलेलं असतं. स्वतःच्या मशीनवर मस्त चालतं, कारण तिथे कॅश नाही. सर्व्हरवर कॅश केलं की फाइल वाचलीच जात नाही, त्यामुळे एन्व्ह() नल देतं. म्हणून नियम एकच: एन्व्ह() फक्त कॉन्फिग फोल्डरच्या आत, बाकी सगळीकडे कॉन्फिग().

शिवाय पीएचपी-एफपीएम, म्हणजे वेबसाठी पीएचपीचे वर्कर चालवणारी सर्व्हिस. त्याच्या पूलमध्ये क्लिअर_एन्व्ह हे डिफॉल्टने चालूच असतं, म्हणजे सर्व्हिसला दिलेली व्हेरिएबल्स वर्करपर्यंत पोचतच नाहीत. कमांड लाइनवर आर्टिझनला दिसतात, वेबला दिसत नाहीत. "शेलमध्ये बरोबर, सर्व्हिसमध्ये चूक" याची ही उलटी आवृत्ती.

तिरपागडे

म्हणूनच म्हणतो, फाइली बिइली नकोतच. सगळं एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. हेरोकूच्या (ॲप होस्ट करणारी कंपनी) लोकांनी २०११ साली ट्वेल्व्ह-फॅक्टर या नियमावलीत लिहून ठेवलंय: कोड सगळीकडे एकच, जे बदलतं ते एन्व्हायर्नमेंटमध्ये. तुमचा कोड या क्षणी जगजाहीर केला तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का, ही त्यांची कसोटी आजही चोख आहे.

डब्ल्यूटीएफ_पर_मिनिट

कसोटी मान्य. पण @तिरपागडे, धागाकर्त्यांचा घोळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनेच झाला ना? फाइल बिचारी खरं सांगत होती.

आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळ्या स्ट्रिंगच. डीबग=फॉल्स लिहिलं, कोडात बूल() मध्ये घातलं, उत्तर ट्रू. पायथनमध्ये रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरीच. जावास्क्रिप्टमध्येही तेच. प्रॉडक्शनमध्ये डीबग चालू राहण्याचं याहून सोपं कारण मला माहीत नाही.

फ्लास्कने (पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क) यावर उपाय दिलाय, २.१ पासून फ्रॉम_प्रीफिक्स्ड_एन्व्ह. फ्लास्क_ ने सुरू होणारी व्हेरिएबल्स उचलतं आणि प्रत्येक व्हॅल्यू जेसन म्हणून वाचून पाहतं. छान. पण जेसनमध्ये फॉल्सचा एफ लहान. पायथनच्या सवयीने मोठा एफ लिहिलात तर जेसन म्हणून ते वाचता येत नाही, तेव्हा व्हॅल्यू मुकाट्याने स्ट्रिंगच राहते, आणि स्ट्रिंग म्हणजे पुन्हा खरं! उपायाच्या पोटात तोच रोग.

लॉगवाचक

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि अवतरणचिन्हं विसरलात. डॉट-ईएनव्ही वाचणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या व्हॅल्यूभोवतीची अवतरणचिन्हं काढून टाकतात. तीच फाइल डॉकर रनला --ईएनव्ही-फाइल म्हणून दिली की ती व्हॅल्यूचाच भाग होतात. पासवर्ड चुकीचा म्हणून माणूस डेटाबेसवाल्याशी भांडतो. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी चिकटलेला कॅरेज रिटर्न हा त्याचा चुलतभाऊ. तो तर डोळ्यांना दिसतही नाही.

डॉटनेटकर

वायएएमएल आणि जेसनवालेही फार खूश होऊ नका. एएसपी डॉट नेट कोअरचं सांगतो. क्रम सुटसुटीत आहे: ॲपसेटिंग्ज जेसन, मग त्या एन्व्हायर्नमेंटची ॲपसेटिंग्ज, डेव्हलपमेंटमध्ये असाल तर यूजर सीक्रेट्स, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, शेवटी कमांड लाइन. नंतरचा आधीच्याला झाकतो. नेस्टेड नावासाठी डबल अंडरस्कोर.

पण आतून सगळं सपाट आहे, नाव आणि स्ट्रिंग. ॲरेचाही नाव-क्रमांक असा सपाट तुकडा होतो. मुख्य फाइलीत परवानगी असलेल्या ओरिजिनची यादी समजा तीनची आहे: क्रमांक ०, १, २. प्रॉडक्शनच्या फाइलीत तुम्ही एकच लिहिलात, मनात धरून की आता तेवढाच चालेल. प्रत्यक्षात फक्त क्रमांक ० बदलतो. १ आणि २ खालच्या फाइलीतून तसेच वर येतात. प्रॉडक्शनला लोकलहोस्टची परवानगी! यादी बदलली जात नाही, क्रमांकाने मिसळली जाते. म्हणून मी मुख्य फाइलीत याद्या ठेवतच नाही.

अजून एक. एन्व्हायर्नमेंटचं नाव दिलंच नाही तर प्रॉडक्शन धरलं जातं, हे शहाणपणाचं. पण लिनक्सवर फाइलीच्या नावातलं प्रॉडक्शन लहान पी-ने लिहिलं तर ती फाइल सापडत नाही, आणि ती ऐच्छिक असल्यामुळे तक्रारही होत नाही. विंडोजवर सगळं चाललेलं असतं.

नवशिक्या_२

एवढं वाचून डोकं गरगरलं. मग करायचं काय? नवा प्रोजेक्ट सुरू करतेय.

अर्धविराम

@नवशिक्या_२, तुम्ही कुठलं फ्रेमवर्क घेताय याने फार फरक पडत नाही. ओएस.एन्व्हायरॉन किंवा त्याचा भाऊ संपूर्ण कोडात एकाच फाइलीत दिसला पाहिजे. तिथेच व्हॅल्यू वाचायच्या, तिथेच आकडा, बूलियन, लिस्ट काय हवं ते बनवायचं, आणि काही कमी असेल तर *तिथेच मरायचं*. पहिल्या रिक्वेस्टला नाही, सुरू होतानाच. पायथनमध्ये पायडँटिक-सेटिंग्ज हे छान करतं, डॉट नेटमध्ये सहापासून व्हॅलिडेट-ऑन-स्टार्ट आहे. पासवर्डला डिफॉल्ट देऊ नका. "नसेल तर लोकलहोस्ट" ही ओळ डेव्हलपमेंटमध्ये सोय आहे, प्रॉडक्शनमध्ये सापळा.

जँगोत हे करताना एक खड्डा. तपासण्या जँगोच्या चेक फ्रेमवर्कमध्ये लिहिल्यात तर त्या रनसर्व्हर, मायग्रेट वगैरे कमांडसोबत चालतात. गनिकॉर्नने डब्ल्यूएसजीआयमधून ॲप उचललं की *चालत नाहीत*. डिप्लॉयच्या आधी चेक --डिप्लॉय वेगळं चालवा, तेही सर्व्हिसच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये. नाहीतर धागाकर्त्यांच्या शेलसारखं, भलत्याच जगाची तपासणी होईल.

आणि सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ छापा: कोणतं सेटिंग्ज मॉड्यूल, कोणता डेटाबेस होस्ट, डीबग चालू की बंद. पासवर्ड नाही. एवढी एक ओळ असती तर हा धागा निघाला नसता.

तिरपागडे

पासवर्डवरून आठवलं. ते तरी एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावेत की नाही, यावर इथल्या लोकांचं काय मत? मी ठेवतो. आजवर काही झालं नाही.

लॉगवाचक

"आजवर काही झालं नाही" हा युक्तिवाद बॅकअपवालेही करतात.

सिस्टमडीच्या मॅन पेजमध्येच लिहिलंय की एन्व्हायर्नमेंट= मध्ये गुपितं ठेवू नका, कारण युनिटच्या प्रॉपर्टी डी-बसवरून (प्रोसेसेसना आपसात बोलायचा मार्ग) साध्या युजरलाही वाचता येतात. सिस्टमसीटीएल शो मारून पाहा, रूट न होता. शिवाय तुमच्या प्रोसेसने दुसरी कुठलीही प्रोसेस सुरू केली, मग ती पीडीएफ बनवणारी का असेना, की सगळं एन्व्हायर्नमेंट तिला वारसाहक्काने. सिस्टमडी २४७ पासून लोडक्रेडेन्शियल= आहे: गुपित वेगळ्या फाइलीत येतं, ती फक्त त्या सर्व्हिसला दिसते, फोल्डरचा पत्ता क्रेडेन्शियल्स_डिरेक्टरी या व्हेरिएबलमध्ये. कोडात फाइल उघडून वाचायची, संपलं.

डब्ल्यूटीएफ_पर_मिनिट

जँगोवाल्यांनी हेही पाहून ठेवा. डीबगच्या पिवळ्या पानावर सगळ्या सेटिंग्ज छापल्या जातात. ज्या नावात पास, सीक्रेट, टोकन, की, एपीआय, सिग्नेचर असं काही असेल त्यांच्या व्हॅल्यूच्या जागी तारे. डेटाबेसेसच्या डिक्शनरीतला पासवर्ड त्यामुळे झाकला जातो. पण तुम्ही डेटाबेस_यूआरएल नावाची सेटिंग केलीत आणि पासवर्ड त्या यूआरएलच्या पोटात असेल, तर नावात यातला एकही शब्द नाही. अख्खा पासवर्ड पानावर. यूआरएल वाचून तुकडे करा, मूळ स्ट्रिंग कॅपिटल नावात साठवू नका.

रेल्सपटरी

रेल्सचा (रूबीचं फ्रेमवर्क) मार्ग वेगळा आहे, तोही नोंदवतो. ५.२ पासून क्रेडेन्शियल्स एन्क्रिप्ट करून रेपॉझिटरीतच ठेवतात, बाहेर फक्त मास्टर की. बदल कोणी केला ते गिटमध्ये दिसतं, आणि सर्व्हरवर सांभाळायची गोष्ट एकच उरते. ती हरवली की मात्र सगळंच हरवलं.

क्रम: आधी ॲप्लिकेशन डॉट आरबी, मग त्या एन्व्हायर्नमेंटची फाइल, मग इनिशियलायझर्स फोल्डरातल्या फाइली अक्षरांच्या क्रमाने. म्हणून तिथे ०१_, ०२_ असे आकडे लावलेल्या फाइली दिसतात. आकडे दिसले की समजायचं, एका इनिशियलायझरला दुसऱ्याची गरज आहे आणि ती कोणी कोडात लिहिलेली नाही.

शून्यप्रहर

चालू असताना कॉन्फिग बदलता येईल अशी सोय करावी का? वरिष्ठांचा आग्रह आहे, रीस्टार्ट नको म्हणतात.

डॉटनेटकर

आमच्याकडे जेसन फाइल बदलली की आपोआप पुन्हा वाचली जाते. पण आयऑप्शन्स घेतलेल्या क्लासला जुनीच व्हॅल्यू दिसत राहते, आयऑप्शन्समॉनिटर घेतलेल्याला नवी. एकाच ॲपमध्ये अर्धे क्लास जुन्या जगात, अर्धे नव्या. आणि कनेक्शन पूल तर आधीच उघडलेला, त्याला नवीन स्ट्रिंगशी देणंघेणं नाही. लॉगिंग लेव्हल, फीचर फ्लॅग एवढ्यासाठी ठीक. डेटाबेसच्या पत्त्यासाठी नको.

लॉगवाचक

कुबरनेटीसमध्येही (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) तीच कथा. कॉन्फिगमॅप (तिथला कॉन्फिगचा साठा) व्हेरिएबल म्हणून दिला तर पॉड (कंटेनरचा गट) नव्याने सुरू होईपर्यंत बदल दिसत नाही. व्हॉल्यूम म्हणून जोडला तर थोड्या वेळाने फाइल बदलते, पण सबपाथने जोडला असेल तर तीही बदलत नाही. वरिष्ठांना सांगा, एकेक वर्कर बदलत रीस्टार्ट केलं की बाहेरच्याला खंड जाणवत नाही. त्यांना हवंय ते हेच असणार.

नवशिक्या_२

शेवटचा प्रश्न, मग वाचनमात्र राहते. टेस्टमध्ये ओव्हरराइड_सेटिंग्जने टाइमआउट १ केला, तरी कोड ३०च वापरतोय. फाइलीच्या वरती टाइमआउट = सेटिंग्ज.पेमेंट_टाइमआउट असं लिहिलंय.

अर्धविराम

ती ओळ मॉड्यूल इम्पोर्ट होताना एकदाच चालली. तेव्हाचा ३० त्या नावात गेला आणि सेटिंग्जशी त्याचा संबंध तुटला. ओव्हरराइड_सेटिंग्ज सेटिंग्ज ऑब्जेक्ट बदलतं, तुमची प्रत नाही. फंक्शनच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट म्हणून सेटिंग दिली तरी हेच होतं, ते डिफॉल्ट फंक्शन बनतानाच ठरतं. वापरायच्या ठिकाणी, फंक्शनच्या आत सेटिंग्ज.पेमेंट_टाइमआउट वाचा.

डेटाबेसेस मात्र असं बदलायला जाऊ नका. कनेक्शन्स जँगोने आधीच तयार केलेली असतात, तिथे ओव्हरराइड_सेटिंग्जचा उपयोग होत नाही. टेस्टसाठी वेगळी सेटिंग्ज फाइल करा आणि जँगो_सेटिंग्ज_मॉड्यूल बाहेरून द्या.